नळदुर्गहून पुण्याला घर हलवताय? टेम्पोवाल्याला ‘हो’ म्हणण्याआधी या गोष्टी लिहून घ्या

गाडी केवढी लागते, भाडं कसं ठरतं, बिल्टी का हवी आणि सामान फुटलं तर दाद कुठे मागायची? समजून घ्या सोप्या भाषेत

नळदुर्गात देवसुद्धा दरवर्षी मुक्काम हलवतो. अणदूर आणि नळदुर्ग इथे खंडोबाची मंदिरं दोन आहेत, पण मूर्ती एकच. वर्षातले साधारण सव्वादहा महिने ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती नेण्या-आणण्यासाठी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असली तरी कागद होतोच.

आपण घर हलवताना मात्र काय करतो? ओळखीतल्या कुणाकडून टेम्पोवाल्याचा नंबर घेतो. ‘किती घेणार?’, ‘बारा द्या’, ‘दहा करा’, ‘बरं, अकरा.’ एवढ्या बोलण्यावर दोन-अडीच लाखांचा संसार गाडीत चढतो.

आमच्या घरीही हेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी आमचं सामान नळदुर्गहून पुण्याला आणलं. गाडी टेंभुर्णीजवळ चहाला थांबली आणि तिथून फोन आला: टोल वेगळा, हमाली वेगळी, वरच्या मजल्याचे पैसे वेगळे. पुण्यात सामान उतरवलं तर आईच्या कपाटाचा आरसा तडकलेला. ‘तो आधीच फुटका होता,’ असं उत्तर मिळालं. आमच्याकडे ना फोटो होता, ना चिठ्ठी. त्यामुळे वाद घालायलाही हातात काही नव्हतं.

मे-जूनमध्ये शाळा, कॉलेज, नोकरी आणि बदल्यांमुळे नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातून पुणे, मुंबई, हैदराबादकडे अनेक घरं हलतात. नळदुर्ग पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच असल्याने गाडी मिळायला अडचण येत नाही. अडचण येते ती गाडी ठरवण्याच्या पद्धतीत. म्हणून ही माहिती.

आधी गाडी केवढी लागेल ते काढा

घरसामान वजनाने कमी आणि आकाराने मोठं असतं. त्यामुळे ‘किती टन’ यापेक्षा ‘किती घनफूट’ हा प्रश्न महत्त्वाचा. मोजपट्टी घ्या आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा.

दोन खोल्यांच्या घराचा एक अंदाज पाहा:

– लोखंडी कपाटं दोन: ६० घनफूट
– फ्रिज: २० घनफूट
– खोललेला पलंग आणि गाद्या: ४० घनफूट
– वॉशिंग मशीन: १२ घनफूट
– दीड फुटी खोकी २५: सुमारे ८५ घनफूट
– टेबल-खुर्च्या: २५ घनफूट
– पिंप, कूलर, डबे, देव्हारा वगैरे: ४० घनफूट

एकूण झालं २८२ घनफूट. सामान रचताना मधे फटी राहतात, म्हणून त्यात २० टक्के मिळवा. आकडा येतो सुमारे ३४० घनफूट.

आता गाड्यांकडे पाहू. पुढचे आकडे हौद्याची लांबी, रुंदी आणि सामान रचण्याची उंची धरून काढलेले ढोबळ अंदाज आहेत.

– छोटा हत्ती: साधारण ७ बाय ५ फूट हौदा, सुमारे १७५ घनफूट. एकट्याचं किंवा एका खोलीचं सामान.
– पिकअप: साधारण ८ बाय ५ फूट, सुमारे २२० घनफूट. नवं बिऱ्हाड, कमी फर्निचर.
– ४०७ च्या आकाराचा टेम्पो: साधारण १० बाय ६ फूट, सुमारे ३६० घनफूट. वरच्या उदाहरणातलं घर यात बसतं.
– १४ फुटी आयशर: सुमारे ५०० घनफूट. वरच्या यादीत सोफा आणि दुचाकी मिळवली तर हीच गाडी लागते.

वीस मिनिटांचं हे काम दोन चुका टाळतं. गाडी लहान पडली तर ऐनवेळी दुसरी गाडी करावी लागते किंवा सामान मागे राहतं. गाडी मोठी घेतली तर रिकाम्या जागेचंही भाडं द्यावं लागतं. शिवाय अर्ध्या रिकाम्या गाडीत सामान हलतं, आपटतं आणि फुटतं.

वजनाकडे मात्र पूर्ण दुर्लक्ष करू नका. पुस्तकं, धान्याची पोती, जातं, पाटा-वरवंटा असं जड सामान जास्त असेल तर छोट्या हत्तीवर ओझं होतं. मोटार वाहन कायद्यात क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २० हजार रुपये दंड आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे. वाटेत गाडी अडली तर खोळंबा तुमचाच होतो.

भाडं कसं ठरतं?

नळदुर्ग ते पुणे अंतर साधारण ३०० किलोमीटर. पण गाडीवाला हिशेब ६०० किलोमीटरचा करतो, कारण परतीचं भाडं मिळेल याची त्याला खात्री नसते. रिकामी गाडी परत आणायचं डिझेल तुमच्याच भाड्यातून जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा टेम्पो लिटरला १० किलोमीटर धावतो आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. ६०० किलोमीटरला ६० लिटर, म्हणजे ५,४०० रुपये नुसत्या डिझेलचे. त्यावर सोलापूर-पुणे रस्त्यावरचे सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस हे टोलनाके, तेही जाऊन-येऊन. मग चालकाचा भत्ता, क्लीनर असेल तर त्याचा खर्च, गाडीचा हप्ता, टायरची झीज आणि मालकाचा नफा.

हा हिशेब डोक्यात ठेवला की दोन फायदे होतात. एक, गाडीवाल्याने सांगितलेला आकडा वाजवी आहे की नाही याचा अंदाज येतो. दुसरा फायदा जास्त मोलाचा. याच गाडीसाठी कुणी फोनवर ‘चार हजारांत पुणे’ म्हणत असेल, तर त्यात डिझेलही निघत नाही. मग तो बाकीचे पैसे कुठून काढणार? बहुतेक वेळा उत्तर एकच: सामान गाडीत चढल्यावर तुमच्याकडून.

परतीची गाडी मिळाली तर

महामार्गावर असण्याचा नळदुर्गला मोठा फायदा आहे. हैदराबाद, उमरगा, सोलापूरकडे माल टाकून पुण्याला रिकाम्या जाणाऱ्या गाड्या या रस्त्यावर असतात. अशा गाडीला एका बाजूचं भाडं आधीच मिळालेलं असतं. त्यामुळे ती तुमचं सामान कमी पैशांत न्यायला तयार होते. सोलापुरातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे किंवा स्थानिक टेम्पो स्टँडवर ‘पुण्याची परतीची गाडी आहे का’ असं स्पष्ट विचारा.

यात एक अट आहे: तारीख तुमच्या हातात राहत नाही. गाडी आज येईल किंवा परवा. घर रिकामं करण्याची तारीख पक्की असेल तर परतीच्या गाडीवर अवलंबून राहू नका. शिवाय आधी कुठला माल भरला होता ते विचारा आणि हौदा स्वतः पाहा. खत, सिमेंट किंवा तेलाचे डाग असलेल्या हौद्यात गाद्या टाकायच्या का, हे तुम्हीच ठरवा.

काही वेळा एकाच गाडीत दोन घरांचं सामान टाकतात. भाडं वाटलं जातं, पण सामान वाटेत उतरवून-चढवून होतं. असं असेल तर प्रत्येक नगावर तुमचं नाव आणि नंबर टाका.

पॅकर्स-मूव्हर्स की स्वतः टेम्पो?

सामान कमी असेल, घरात हात लावायला माणसं असतील आणि दोन्हीकडे तळमजला किंवा लिफ्ट असेल तर स्वतः टेम्पो करणं परवडतं. काचसामान जास्त असेल, घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलंच असतील, तर पॅकिंगसह काम देणं सोयीचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकलं असेल की तिथे लोक यू-हॉलचा ट्रक भाड्याने घेतात आणि स्वतः चालवत नेतात. आपल्याकडे गाडी चालकासकटच घ्यायची रीत आहे आणि तीच सुरक्षित आहे. ‘गाडी घेऊन जा, चालक तुमचा’ असं कुणी म्हणत असेल तर अपघात झाल्यास विमा आणि परवान्याचे प्रश्न तुमच्या अंगावर येऊ शकतात.

पॅकर्स-मूव्हर्स निवडताना फोनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्यांचा माणूस घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहून अंदाजपत्रक देऊ दे. त्यात पॅकिंग, भराई, वाहतूक, उतराई, मजल्याचे पैसे आणि जीएसटी हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. ‘जीएसटी धरून की सोडून?’ हा प्रश्न आधीच विचारा. त्यांनी दिलेला जीएसटी क्रमांक सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा. तिथे दिसणारं नाव आणि कार्डवरचं नाव जुळलं पाहिजे. नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव वापरणारे अनेक असतात.

गाडीची ही कागदपत्रं पाहा

गाडी ठरवताना तिचा नंबर मागा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की आरसी, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांची मुदत दिसते. त्यात या गोष्टी बघा:

– नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. भाड्याने माल नेणाऱ्या गाडीची ओळख हीच. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका.
– फिटनेस आणि विमा चालू आहे का?
– परमिट: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाड्यांना परमिटची गरज नसते. त्यापेक्षा मोठी गाडी असेल आणि हैदराबादला जायचं असेल, तर नॅशनल परमिट आहे का ते विचारा. त्या रस्त्यावर कर्नाटक आणि तेलंगणा अशी दोन राज्यं लागतात.
– चालकाचा परवाना: साध्या हलक्या वाहनाच्या म्हणजे एलएमव्ही परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्याहून मोठ्या गाडीला वेगळा परवाना लागतो.
– फास्टॅगमध्ये पैसे आहेत का? टॅग बंद असेल तर टोलवर जास्त रक्कम भरावी लागते, आणि ती शेवटी तुमच्याकडे मागितली जाते.

सगळ्यात महत्त्वाचं: बिल्टी

बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती. रस्त्याने माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या, एजंट आणि दलाल यांच्यासाठी २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. अशा व्यावसायिकाला नोंदणी करावी लागते. माल सोपवताना ग्राहकाने मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची आणि वाहतूकदाराने पावती द्यायची, अशी त्यातली पद्धत आहे.

आता इथे नीट लक्ष द्या. नियमानुसार माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. आणि ती रक्कम तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही.

हिशेब करू. भाडं १२ हजार रुपये असेल, तर जास्तीत जास्त १ लाख २० हजार रुपये. तुमच्या सामानाची किंमत अडीच लाख असली तरी उरलेले १ लाख ३० हजार तुमचे गेले. आणि भाडं वाचवायला कागदावर ‘जुनं घरसामान, किंमत २० हजार’ असं लिहून दिलं असेल, तर मर्यादा २० हजारांवर येते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वाहतूकदाराशी लेखी ठरवून जास्त जोखमीचा दर भरणं. मग त्याची जबाबदारी वाढते. दुसरा, वाहतुकीचा स्वतंत्र विमा, ज्याला ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणतात.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ‘गाडीला फुल इन्शुरन्स आहे’ असं चालक सांगतो. तो खरंही बोलत असतो. पण तो विमा गाडीचा आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या व्यक्तीचा असतो, तुमच्या फ्रिजचा नसतो. पॅकर्स-मूव्हर्सनी बिलात ‘विमा’ म्हणून पैसे लावले असतील, तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागा. त्यावर तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि सामानाची किंमत हवी. प्रमाणपत्र नसेल तर ते पैसे कशाचे, हा प्रश्न गाडी निघण्याआधीच विचारा.

गावातला एका गाडीचा मालक छापील बिल्टी देईलच असं नाही. अशा वेळी व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवा आणि त्याच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. पुढचा मजकूर कॉपी करून वापरता येईल:

‘तारीख ____. नळदुर्ग (पत्ता) ते पुणे (पत्ता, मजला, लिफ्ट आहे/नाही). गाडी नंबर ____. चालकाचं नाव ____. एकूण भाडं ____ रुपये. यात डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, ताडपत्री धरली आहे. भराई-उतराईची हमाली धरली आहे/नाही. ॲडव्हान्स ____ रुपये दिले, बाकी ____ सामान उतरल्यावर. गाडी ____ वाजता येणार, ____ पर्यंत पोहोचणार. उतरवायला ____ तास, त्यानंतर तासाला ____ रुपये खोळंबा. सामान ____ नग, यादी आणि फोटो सोबत. सामानाची अंदाजे किंमत ____ रुपये.’

बहुतेक भांडणं या मेसेजमधल्या रिकाम्या जागांवरून होतात. हमाली कुणाची, मजल्याचे पैसे किती, टोल कुणाचा. हे आधी ठरलं तर चालकालाही बरं असतं. त्याचेही पैसे बुडत नाहीत.

ई-वे बिल लागतं का?

वापरलेलं स्वतःचं घरसामान नेताना ई-वे बिल लागत नाही. जीएसटीच्या नियमांत अशा सामानाला सूट आहे. तरीही वाटेत तपासणी झाली तर चालकाकडे काहीतरी दाखवायला हवं. सामानाची यादी, आधार कार्डाची प्रत आणि ‘स्थलांतरासाठी वापरलेलं घरसामान’ असं लिहून सही केलेला एक साधा कागद चालकाकडे द्या. दुकानातून नुकताच घेतलेला, न उघडलेला टीव्ही किंवा फ्रिज असेल तर त्याचं बिलही सोबत ठेवा.

टेम्पोत काय ठेवायचं नाही?

भरलेला गॅस सिलिंडर: अजिबात नाही. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि कनेक्शन बदलीचा कागद घ्या. तो दाखवला की नव्या गावात कनेक्शन मिळतं. शेगडी मात्र सोबत न्या.

दागिने, रोकड, कागदपत्रं: शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा, बँकेची पुस्तकं, आरसी, विमा पॉलिसी एका पिशवीत स्वतःजवळ ठेवा. कपाटातला लॉकर रिकामा आहे ना, हे गाडी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहा.

रॉकेल, पेट्रोल, फटाके, रंग, थिनर: उन्हाळ्यात बंद ताडपत्रीखाली हे धोक्याचं आहे.

माणसं: ‘मागे गाद्यांवर बसून जाऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. हौद्यात बसणं बेकायदा तर आहेच, शिवाय अपघात झाला तर भरपाईही अडकू शकते. सामानाचा मालक म्हणून एक जण केबिनमध्ये, चालकाशेजारी बसू शकतो. बाकीच्यांनी एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने जावं.

सामान भरताना

जड सामान खाली आणि केबिनच्या बाजूला, हलकं वर आणि मागे. यामागे साधं गणित आहे. वजन खाली असेल तर वळणावर गाडी कमी झुकते, आणि ते केबिनला टेकून असेल तर ब्रेक दाबल्यावर पुढे आपटत नाही.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून रिकामा करा, पाणी पुसून घ्या आणि उभाच न्या. आडवा न्यावा लागला तर पोहोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ड्रम अडकवायचे बोल्ट सापडले तर लावा. कपाटाचे आरसे आणि टीव्ही गोधडीत गुंडाळून दोन गाद्यांच्या मधे उभे ठेवा. पुस्तकांसाठी लहान खोकी वापरा, कारण मोठं खोकं भरलं की तळ फाटतो. खोललेल्या पलंगाचे नट-बोल्ट एका पिशवीत घालून पलंगाच्याच फळीला चिकटवा.

प्रत्येक नगावर नंबर टाका आणि वहीत लिहा: ‘७ – स्वयंपाकघर, काचसामान’. महागड्या वस्तूंचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग गाडी भरल्यावर हौद्याचा, ताडपत्रीचा आणि नंबरप्लेटचा एकेक फोटो घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ‘आधीच फुटका होता’ याला उत्तर तेच आहे.

पाऊस नसला तरी ताडपत्री हवीच. जून-जुलैत दोन ताडपत्र्या मागा आणि हौद्याच्या तळाला प्लास्टिक अंथरा.

दुचाकी न्यायची असेल तर

टेम्पोत नेणार असाल तर पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडा, आरसे खोला आणि गाडी उभी करून चारही बाजूंनी बांधा. टेम्पोत जागा नसेल तर सोलापूर रेल्वे स्थानकावरून पार्सलने पाठवता येते. त्यासाठी आरसीची प्रत, ओळखपत्र, रिकामी टाकी आणि पॅकिंग लागतं.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलावा लागत नाही. हैदराबादला कायमचं जाणार असाल तर वेगळं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी आपल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र काढा.

निघायचं कधी?

महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख, शनिवार-रविवार आणि मे-जून हा गर्दीचा काळ. मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार घेतला तर गाडी सहज मिळते आणि घासाघीस करता येते. ऊस गाळपाच्या हंगामात आपल्या भागातल्या बऱ्याच गाड्या कारखान्यांच्या कामाला लागतात, तेव्हा आधीपासून सांगून ठेवा.

या भागात काही दिवस मुद्दाम टाळा. नवरात्र आणि कोजागरीला तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांची मोठी गर्दी असते आणि वाहतूक वळवली जाते. पौष पौर्णिमेला मैलारपूरची यात्रा असते. पुण्याकडच्या टोकाला आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी हडपसरपासून पाटसपर्यंत याच महामार्गाने चालते.

भरलेल्या टेम्पोला पुण्यापर्यंत सात-आठ तास धरा. पुणे शहरात जड वाहनांना काही रस्त्यांवर ठरावीक वेळेत बंदी असते आणि सोसायट्यांचे नियम वेगळेच. सामानाला कुठली लिफ्ट वापरायची, किती वाजेपर्यंत उतरवता येईल, गेटपर्यंत गाडी जाते का, अनामत भरावी लागते का, हे सोसायटीच्या ऑफिसात आदल्या दिवशी विचारा. गाडी गेटबाहेर तीन तास थांबली तर खोळंब्याचे पैसे वाढत जातात.

फसवणूक कशी ओळखाल?

– घर न पाहता फोनवर अगदी कमी आकडा सांगणं.
– ‘आजच बुक करा’ म्हणत पूर्ण किंवा निम्म्याहून जास्त रक्कम आधी मागणं.
– पैसे कंपनीच्या नाही, तर भलत्याच माणसाच्या खात्यावर मागणं.
– ऑफिसचा पत्ता नाही, गाडीचा नंबर ‘नंतर देतो’.
– ॲडव्हान्स परत करतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगणं. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे लक्षात ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सामान अडवून ठेवलं किंवा फुटलं तर?

ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागून सामान अडवून ठेवलं, तर आधी ठरलेला मेसेज दाखवा. ऐकलं नाही तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. वाहतुकीसाठी सोपवलेला माल लंपास करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार फौजदारी गुन्हा आहे. वाहतूकदाराने असा विश्वासघात केला तर ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सामान फुटलं असेल तर चालकासमोरच खोकं उघडा, फोटो-व्हिडिओ घ्या आणि पावतीवर ‘अमुक वस्तू फुटलेली मिळाली’ असं लिहून सही घ्या. ‘सामान सुस्थितीत मिळालं’ या छापील ओळीखाली घाईने सही करू नका.

ट्रान्सपोर्ट कंपनीकडून भरपाई हवी असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर कायद्यानुसार दावाच करता येत नाही. फोनवर भांडण्यात सहा महिने घालवू नका. स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पोच जपून ठेवा.

ग्राहक म्हणून दुसरा मार्गही आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. म्हणजे पुण्याला गेल्यावर त्यासाठी धाराशिवला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेलं भाडं ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

– सामान घनफुटात मोजा, मग गाडी ठरवा.
– भाड्यात काय धरलंय आणि काय नाही, ते मेसेजवर लिहून घ्या.
– गाडीचा नंबर ॲपवर तपासा.
– सामानाची खरी किंमत लिहा. भरपाई तिच्यापुढे जात नाही.
– गाडीचा विमा म्हणजे सामानाचा विमा नव्हे.
– भरताना आणि उतरवताना फोटो काढा.
– बाकी पैसे सामान मोजून झाल्यावरच द्या.

बहुतेक टेम्पोवाले प्रामाणिकपणे काम करतात. रात्रभर गाडी चालवून सकाळी तुमचं सामान दारात उतरवतात. लेखी ठरवणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. अणदूर-नळदुर्गचे मानकरी एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून करार करत नाहीत. ठरलेलं दोघांच्याही लक्षात राहावं, म्हणून कागद असतो. तुमच्या संसारासाठी व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज तेवढं काम करू शकतो.